बोअरच्या पाण्यात गीझरची कॉइल टिकत नाही. तांबं, स्टील की इन्कोलॉय?

तुम्ही लिहिलंय की बोअरच्या पाण्यात तांब्याची कॉइल गेली, म्हणून ३०४ स्टीलची टाकली, तर ती वर्षभरही चालली नाही आणि आता दुकानदार महागाची इन्कोलॉय (जास्त निकेलचा मिश्रधातू) सुचवतोय. माझं कामच हीटर बनवण्याचं आहे. इन्कोलॉय घ्या, पण जुनी कॉइल फेकण्याआधी एकदा नीट बघा.

क्षार खरवडा. खाली सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली, किंवा वाकवलेल्या भागावर केसासारखी चीर दिसली, तर ते क्लोराइडचं, म्हणजे पाण्यातल्या मिठाच्या घटकाचं काम. नळी फुगून उभी फाटली असेल, तर ती जास्त तापून गेलीय. बोअरच्या पाण्यात बहुतेक वेळा दोन्ही एकत्र चालतं. क्षाराचा थर बसला की उष्णता पाण्यात जात नाही, नळी तापत राहते आणि थराखाली अडकलेल्या पाण्यातलं क्लोराइड घट्ट होत जातं. वरच्या पाण्यापेक्षा तिथलं पाणी कितीतरी खारट असतं.

३०४ मध्ये निकेल साधारण ८ ते १० टक्के असतं. गरम, क्लोराइडच्या पाण्यात ताणाखाली तडकण्याच्या बाबतीत हेच प्रमाण सगळ्यात वाईट. ३१६ स्टीलमध्ये २-३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने भोकं उशिरा पडतात, पण तडकण्याची भीती जात नाही. इन्कोलॉय ८०० मध्ये निकेल ३० टक्क्यांच्या वर असतं, म्हणून चिरा पडायला ती सहजासहजी दाद देत नाही. तांबं वाईट नाही. नळाचं गोडं पाणी असतं तर मी तुम्हाला तेच सांगितलं असतं. टायटॅनियमची कॉइल कारखान्यातल्या इलेक्ट्रोप्लेटिंगच्या टाक्यांसाठी ठीक, घरात त्याची गरज नाही.

पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. तुमचं त्याच्या वर असेल तर ३०४ चा विचार सोडाच.

आता दुकानदार सहसा सांगत नाही ती गोष्ट. धातूइतकीच महत्त्वाची आहे नळीची लांबी. २००० वॉटची, ८ मिलिमीटर जाडीची कॉइल तापणाऱ्या भागात ६० सेंटिमीटर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १३ वॉट पडतात. तीच १०० सेंटिमीटर असेल तर ८. क्षाराच्या पाण्याला मी ८ च्या वर जात नाही. तेवढ्याच वॉटची आखूड इन्कोलॉय घेतलीत तर पैसे वाया. टाकीत मावेल तेवढी लांब घ्या आणि थर्मोस्टॅट ५५ अंशांच्या आसपास ठेवा. त्यापुढे क्षार भराभर बसतो.

सफाई करताना प्लंबर कॉइल संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये बुडवतात. ते करू देऊ नका! त्यात हायड्रोक्लोरिक असतं, म्हणजे ज्या क्लोराइडपासून नळी वाचवायची तेच तिला पाजायचं. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून रात्रभर ठेवा, थर सुटतो. त्याच वेळी मॅग्नेशियमची कांडीही (टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली, स्वतः झिजणारी) बघा, झिजली असेल तर बदला.

आणि भोक पडलेली कॉइल 'अजून गरम करतेय' म्हणून एक दिवसही चालवू नका. पाणी नळीच्या आतल्या वीजरोधक पावडरीत शिरलं की करंट थेट पाण्यात उतरू शकतो. अर्थिंग तपासून घ्या आणि लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा.