कारखान्यात केमिकलचा आणि स्फोटाचा धोका सांभाळायची सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की बेळगावजवळच्या मच्छेच्या एका युनिटमध्ये सुपरवायझर आहात, पेंटिंगचं सेक्शन आहे, ॲसिडची टाकी आहे, एक लहान इंडक्शन भट्टी आहे, आणि मालकांनी परवा अचानक "आजपासून सेफ्टी तूच बघ" म्हणून सांगितलं. गॅस डिटेक्टर घ्यावा का, असंही विचारलंत.

मी सेफ्टी ऑफिसर नव्हे. बेळगावच्या उद्यमबागेत बावीस वर्षं मेंटेनन्समध्ये गेली, त्यावरून सांगतो. पहिल्या दिवशी वही घेऊन भंगाराच्या कोपऱ्यात जा. भरलेल्या टाकीला सगळे घाबरूनच असतात, तिची काळजी नंतर केली तरी चालेल.

थिनर संपला की २०० लिटरचा बॅरल त्या कोपऱ्यात जातो. ज्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, तिथे बॅरलला किती मागणी असते हे बेळगावच्या माणसाला सांगायला नको. एका शनिवारी जेवणाच्या सुट्टीत आमचा एक हेल्पर गॅस कटर घेऊन असल्याच बॅरलचं झाकण कापायला बसला. मी हटकलं तर म्हणाला, "रिकामाच हाय की ओ, थेंब बी न्हाई त्यात." आणि मी पुढे गेलो. हात धुवायच्या नळापर्यंत पोचलो नव्हतो, तोवर धडाका झाला. झाकण वर जाऊन छताच्या पत्र्याला भोक पाडून खाली आलं, पापडासारखं दुमडलेलं. पोरगा बॅरलवर वाकला नव्हता, बाजूला उकिडवा बसला होता, म्हणून भुवया आणि पुढच्या केसांवर निभावलं. उजव्या कानाने मात्र महिनाभर नीट ऐकू येत नव्हतं. मी त्याच वेळी कटर काढून घ्यायला हवा होता, हे अजून डोक्यातून जात नाही.

हिशेब बघा. पुष्कळ थिनरमध्ये टोल्युइन असतं. हवेत त्याची वाफ साधारण १.२ टक्के झाली की पेटायला ठिणगी पुरते. २०० लिटरच्या बॅरलमध्ये तेवढी वाफ व्हायला जेमतेम १० मिलिलिटर थिनर लागतो, म्हणजे चहाचे दोन चमचे. बुडाच्या शिवणीत एवढा राहतोच, बॅरल पालथा घालून ठेवला तरी राहतो. काठोकाठ भरलेल्या बॅरलमध्ये हवेला जागाच नसते, म्हणून आत स्फोट व्हायचा धोका रिकाम्यालाच जास्त. आणि टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला पेटण्याइतकी वाफ सुटते तो, ४ अंश सेल्सिअस, तेव्हा आपल्याकडच्या थंडीचाही काही उपयोग नाही.

पेटणारा माल आहे किंवा पूर्वी होता अशा टाकीवर, तो माल आणि त्याची वाफ काढून टाकल्याशिवाय वेल्डिंग-कटिंग करू नये, हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम ३७ मध्ये होतं. आता त्याच्या जागी कामगारांच्या सुरक्षेची २०२० ची नवी संहिता आलीय. थिनरला त्याने फरक पडत नाही. केमिकलचे रिकामे बॅरल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांच्या यादीत ३३.१ क्रमांकाखाली येतात, ते अधिकृत रिसायकलरलाच द्यायचे. घरी न्यायला तर अजिबात देऊ नका, बायकापोरं त्यातलं पाणी पितात. आमच्याकडे आता बॅरल धुऊन, पाण्याने भरून, मग त्याला भोकं पाडतात. भोकाचा बॅरल कोणी मागत नाही.

भट्टीचंही तसंच. वितळलेलं लोखंड सांभाळायचं सगळ्यांना कळतं, घात करतो तो ओला स्क्रॅप. जून-जुलैत आपल्याकडे पाऊस कसा लागतो! टर्निंगचा (लेथवरच्या लोखंडी किसाचा) ढीग उघड्यावर राहिला की वरून कोरडा दिसतो, आत भिजलेला. तो चार्ज, म्हणजे भट्टीत टाकलेला स्क्रॅप, वितळलेल्या धातूखाली गेला की पाण्याची वाफ होते, आकार सोळाशे-सतराशे पट वाढतो, आणि भट्टीतला माल छताला लागतो. म्हणून स्क्रॅपवर शेड हवीच, चार्ज करण्याआधी गरम करून वाळवा. दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप, गाडीचा शॉकअप, हायड्रॉलिक सिलिंडर आत जाऊ देऊ नका, आधी कापून उघडा, पण आतल्या प्रेशरचा विचार करून. भट्टीखालचा पिट कोरडा आहे की नाही हे प्रत्येक शिफ्टला बॅटरी मारून बघा. हे काम हेल्परवर सोडू नका.

ॲसिडचं थोडक्यात: पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी नको. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि ॲसिड एका खोलीत नको, दोन्ही मिसळले की क्लोरिन निघतो. शेजारी प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंटवाला सायनाइड वापरत असेल तर त्याच्याशीही बोलून घ्या, ॲसिड लागलं की त्यातूनही विषारी गॅस निघतो. पाण्याच्या बाटलीत कोणतंही केमिकल दिसलं की तिथल्या तिथे रिकामं करून घ्या आणि ज्याने भरलं त्याला चार शब्द सुनवा.

प्रत्येक केमिकलबरोबर सोळा भागांचा सेफ्टी डेटा शीट येतो, इंग्रजीत, फाइलमध्ये पडून. सोळाही वाचायला वेळ नसेल तर २, ४, ७ आणि १० वाचा: धोका काय, प्रथमोपचार, साठवण, कशाबरोबर नको. त्यातल्या चार ओळी मराठी, कन्नड आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत टाकीशेजारी लावा. आमच्या बोर्डावर वर्षानुवर्षे फक्त कन्नड आणि इंग्रजी होतं. भाषेचा वाद आपल्याला नवा नाही, पण बिहारहून कालच आलेल्या पोराला त्यातलं एकही वाचता येत नव्हतं.

गॅस डिटेक्टर घ्या, चार गॅसवाला: ऑक्सिजन, पेटणारा गॅस, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड दाखवणारा. टाकीत किंवा पिटमध्ये माणूस उतरवायच्या आधी तो लागतोच. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाला वास येईनासा होतो, त्यामुळे नाकावर भिस्त ठेवू नका. आत पडलेल्याला काढायला दुसरा तसाच उतरतो आणि तोही जातो. पण एक बघा, थिनरची वाफ हवेपेक्षा तिपटीने जड असते. आमचा फिटर डिटेक्टर टाकीच्या तोंडाशी धरून शून्य आकडा दाखवायचा आणि आत उतरायच्या परमिटवर सही मागायचा. नळी बुडापर्यंत सोडायला लावा आणि आकडा स्वतः वाचून मगच सही करा.