नाशिकहून पीएचडी झाली. जर्मनीतल्या तांत्रिक विद्यापीठात पोस्टडॉक कसं मिळेल?

पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या संशोधनपदाला) प्रवेश परीक्षा नसते. आधी यजमान प्राध्यापक शोधा, कारण हुम्बोल्ट फेलोशिपच्या (परदेशी संशोधकांना जर्मनीत काम करायला मिळणाऱ्या शिष्यवृत्तीच्या) अर्जाला त्यांचं संमतिपत्र लागतं. पीएचडी होऊन 4 वर्षांच्या आत अर्ज करा. फेलोशिपचा कालावधी 6 ते 24 महिने, अर्ज वर्षभर चालतात. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी फेलोशिपला पीएचडीनंतर 8 वर्षांपर्यंत चालतं, पण मागच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांहून जास्त राहिलेले बाद.

खरी गाडी अडते ती प्राध्यापकांना पाठवायच्या ईमेलवर. ‘आदरणीय सर, संधी द्यावी’ असा एकच मजकूर पन्नास जणांना गेला की तो उघडतसुद्धा नाहीत. त्यांचा ताजा शोधनिबंध वाचून, त्यात तुमचं कोणतं तंत्र कुठे बसतं ते चार ओळींत लिहा. सोबत दोन पानी सीव्ही, बस. पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा; रोज नको.