६ आणि ४ वर्षांच्या दोघी बहिणी दत्तक घेऊन १५ दिवस झालेत, धाकटी उशीखाली पोळी लपवते, काय करावं?
अजिबात रागावू नका हो, आमचा मुलगा पण आला तेव्हा हेच करायचा, पुढचं जेवण मिळेल की नाही ही धास्ती असते त्यांना. आम्ही त्याच्या हाताला येईल असा एक डबा ठेवला, चुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू, केव्हाही घे म्हणून सांगितलं आणि तो कधीच रिकामा होऊ दिला नाही, सुरुवातीला रात्री उठून झाकण उघडून नुसतं बघायचा, पोटात तुटायचं अगदी. चारेक महिन्यांनी आपोआप थांबलं. सध्या पाहुण्यांची गर्दी नको, दोघींना एकत्रच झोपवा. आणि कारा (CARA, दत्तक प्रक्रिया बघणारी केंद्र सरकारची संस्था) हिच्या नियमाप्रमाणे २ वर्षं दर ६ महिन्यांनी फॉलोअप असतो ना, तेव्हा सोशल वर्करना हे मोकळेपणाने सांगा, लपवू नका, काउन्सेलिंगची सोय तेच करून देतात.