सही करायच्या आधी मैत्रिणीसमोर बस

प्रिय,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला आणि तिन्ही फ्लॅटचे व्हिडिओ पण बघितले, पण उत्तर लगेच दिलं नाही कारण मला नीट लिहायचं होतं. तू विचारलंयस, ताई यातला कुठला भाड्याने घेऊ. फ्लॅटचं सांगतेच, पण तुझ्या एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये ओटा, गॅलरी, पार्किंग, वायफाय सगळं आहे आणि जिच्याबरोबर राहणार तिच्याबद्दल एकच ओळ आहे, "ती काय गं, चार वर्षं हॉस्टेलला शेजारच्याच खोलीत होतो." त्या ओळीची मला काळजी वाटली, म्हणून हे पत्र.

हॉस्टेलला शेजारी राहणं वेगळं असतं गं. तिथे मेस होती, लाइट बिल कोणाच्या नावावर येत नव्हतं, बाथरूम साफ करायला मावशी होत्या, भांडण झालं तर आपापल्या खोलीचं दार लावून घ्यायचं. आता दार एकच असणार. आणि वन बीएचके म्हणजे एकीला बेडरूम आणि एकीला हॉल, हे तुम्ही ठरवलंय का? हॉलमध्ये झोपणारीला कोणी आलं गेलं की उठून बसावं लागतं, तिचं कपाट बेडरूममध्ये असतं, दुसरी झोपली असेल तर तिला सकाळी स्वतःचे कपडे काढायला पण अंधारात चाचपडावं लागतं. मग भाडं निम्मं निम्मं कसं काय? अठरा हजारांत बेडरूमवालीने दहा आणि हॉलवालीने आठ द्यावे, किंवा सहा महिन्यांनी जागा बदलावी, तुम्हाला जे पटेल ते करा, पण सामान आत जायच्या आधी बोला. एकदा गाद्या टाकल्या की हा विषय काढायला तोंड उघडत नाही, आणि मग तो दुसऱ्याच कशावरून तरी बाहेर येतो, खरकट्या भांड्यावरून नाहीतर गिझर चालू राहिला त्यावरून.

माझं सांगते. मी २००३ ला ग्रॅज्युएट झाले आणि कॉलेजच्या माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीबरोबर कर्वेनगरला वन रूम किचन घेतलं. भाडं अडीच हजार, डिपॉझिट दहा हजार. माझ्या घरून तेव्हा तीनच हजार आले, उरलेले सात तिने घातले, आणि करार माझ्या एकटीच्या नावावर झाला कारण त्या दिवशी ती गावाला गेली होती. कोणीच काही लिहून ठेवलं नाही, मैत्रीत काय लिहायचं. सात महिन्यांनी तिचं लग्न ठरलं आणि ती पंधरा दिवसांत गेली. मला दुसरी मुलगी मिळेपर्यंत दोन महिने सगळं भाडं मी भरलं, शेवटी घर सोडताना मालकांनी रंगाचे म्हणून साडेतीन हजार कापले आणि साडेसहा माझ्या हातात दिले. मी त्यातून माझे दोन महिन्यांचे कापून तिला चार हजार पाठवले. माझ्या डोक्यात हिशोब बरोबर होता. तिच्या डोक्यात तिचे सात हजार गेले होते आणि चारच परत आले होते. ती फोनवर एवढंच म्हणाली, "बरं, ठीक आहे." त्यानंतर आमचं बोलणं नाही. आज वीस वर्षांच्या वर झाली.

ते घर सोडताना मी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, त्याच्या मागच्या बाजूला आम्ही दुधाचा हिशोब लिहायचो, कुठल्या दिवशी अर्धा लिटर, कुठल्या दिवशी खाडा, तिच्या बारीक अक्षरात रोजचं लिहिलेलं. अर्ध्या लिटरचा हिशोब भिंतीवर होता आणि सात हजारांचा कुठेच नव्हता. मी ते कॅलेंडर बराच वेळ हातात धरून उभी होते, मला अजून आठवतं.

म्हणून या शनिवारी एजंटला भेटायच्या आधी तुम्ही दोघी कुठेतरी निवांत बसा, एक साधा कागद घ्या आणि लिहा. डिपॉझिटमध्ये कोणी किती घातले. परत येताना कोणाच्या खात्यात येणार. मधेच एकीची बदली झाली, लग्न ठरलं, नोकरी गेली, तर तिने किती दिवस आधी सांगायचं आणि दुसरी मुलगी मिळेपर्यंत तिचा वाटा कोण भरणार (एक महिना जाणारीने भरावा असं माझं मत आहे, त्यापुढे राहणारीने). मालकांनी काही कापलं तर ते दोघींत कसं वाटायचं. खाली दोघींच्या सह्या आणि तारीख, फोटो काढून दोघींच्या फोनमध्ये. हा कागद कोर्टात न्यायला नाहीये, दोघींच्या डोक्यात एकच हिशोब असावा म्हणून आहे.

आणि पैशाच्या पलीकडचंही बोल. तिची शिफ्ट रात्रीची आहे असं तू मागे म्हणाली होतीस, मग ती पहाटे येऊन झोपणार तेव्हा तू मिक्सर लावणार का? ती अंडं खाते आणि तुझी आई येऊन राहिली की वेगळी कढई लागेल का? कोणाचे मित्र घरी आले तर रात्री थांबणार का, याबद्दल दोघींना काय चालतं? भाऊ पुण्यात परीक्षेला आला तर किती दिवस? हे प्रश्न विचारायला लाज वाटते, मला माहितीये, पण विचारल्यावर ती चिडली तर तेही तुला आत्ताच कळलेलं बरं. तिचा पगार तुझ्यापेक्षा जास्त आहे, ती म्हणेल एसी लावू, कामवाली दोन वेळची ठेवू, तेव्हा मला जमत नाही हे तोंडाने म्हणायला शीक. पहिल्या नोकरीत जमत नाही म्हणण्यात कमीपणा काही नाही.

आता फ्लॅट. सिंहगड रोडचा तळमजल्याचा आहे तो सोड. स्वस्त का आहे ते विचार. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा एकता नगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं होतं, गाड्या बुडाल्या होत्या. त्याआधी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा काय झालं ते पुण्यातल्या कोणालाही विचार. सगळा सिंहगड रोड काही पाण्यात जात नाही, पण नदीच्या किंवा ओढ्याच्या काठची सोसायटी असेल तर वरचा मजला घ्यायचा आणि वॉचमनकाकांना सरळ विचारायचं, इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं. ते खरं सांगतात.

वाकडचा दिसायला सगळ्यात छान आहे आणि तुझ्या मैत्रिणीला हिंजवडी जवळ पडेल. पण तुझं ऑफिस खराडीला. रोज शहराच्या या टोकाहून त्या टोकाला, पावसाळ्यात, तू महिनाभरात थकशील आणि तिच्यावर विनाकारण चिडायला लागशील. कोथरूडकडचा तिसरा मला बरा वाटतो. वनाजहून मेट्रो थेट रामवाडीपर्यंत जाते, मधे बदलायची पण नाही, आणि रामवाडीहून पुढे खराडीला बस नाहीतर शेअर रिक्षा. तिच्या कंपनीची बस कोथरूडवरून सुटते का ते तिला विचारायला सांग, सुटत असेल तर प्रश्नच मिटला. पण माझ्या शब्दावर नको जाऊस, एखाद्या सोमवारी सकाळी तू स्वतः त्या फ्लॅटच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन ये, घड्याळ लावून. आणि पुढे होणार असलेल्या कुठल्याही रस्त्याच्या, पुलाच्या, मेट्रोच्या भरवशावर घर घेऊ नको, आज काय आहे ते बघ.

बघायला जाशील तेव्हा सकाळी सातला जा. एजंट संध्याकाळीच बोलावतो, त्याला सोयीचं असतं. पाणी सकाळी कळतं. किचनचा नळ, बाथरूमचा नळ आणि फ्लश एकदम चालू करून बघ, धार बारीक झाली तर टाकीत किंवा पाइपात काहीतरी आहे. कॉर्पोरेशनचं पाणी किती वेळ येतं, बाकीचं बोअरचं की टँकरचं, आणि टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे मागतात हे विचार. सिंकखालचं कपाट उघड आणि आत हात फिरव, ओल असेल तर हाताला कळते आणि वासही येतो. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवून ठेवलं असेल तर ते हलवायला सांग, नवीन रंग दिलेल्या घरात तर नक्की, कारण रंगाखाली पोपडे लपतात आणि जुलैत सगळे वर येतात. बाथरूमचं दार पूर्ण लागतं का बघ, फुगलेलं दार नंतर कोणी दुरुस्त करून देत नाही. शेवटी जिन्यात एखादी काकू भेटली तर दोन मिनिटं बोल.

पैसे, फ्लॅट डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि मालकांशी बोलल्याशिवाय एक रुपया पण नाही. आता फार चाललंय, ऑनलाइन छान फोटो टाकायचे, मी बाहेरगावी पोस्टिंगला आहे म्हणायचं, आधी टोकन पाठवा, गेटपासचे पाठवा. पैसे घेण्यासाठी आपल्याला कधी पिन टाकावा लागत नाही, एवढं लक्षात ठेव. लाइट बिल मागून घे, मालकाचं नाव त्यावर असतं, आणि ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या साइटवर थकबाकी पण दिसते. आधारची झेरॉक्स कोणाला देऊ नको, मास्क्ड आधार, म्हणजे ज्यात नंबरचे शेवटचे चारच आकडे दिसतात ते, डाउनलोड करून तेच दे.

करार. एजंट तुला म्हणाला ना, अकरा महिन्यांचा आहे म्हणजे रजिस्टर करायची गरज नाही, नोटरी केलं की झालं. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे हा आपला नेहमीचा भाड्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, अकरा महिने असो की तीन वर्षं, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी झाली नाही आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत, म्हणजे मालकांनाही ती करून घेण्यातच फायदा आहे, हे त्यांना शांतपणे सांग. आता ऑनलाइन होतं, अंगठा घ्यायला माणूस घरी येतो. खर्च मी तुझ्या आकड्यांवर काढला: अठरा हजार गुणिले अकरा, अधिक पन्नास हजार डिपॉझिटवर दहा टक्के धरून व्याज, त्या सगळ्याच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, म्हणजे पाचशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिकेच्या हद्दीत एक हजार. वर किरकोळ आणि एजंटची मजुरी. तो सहा हजार मागतोय तर कशाचे किती ते लिहून मागायचं.

करारात दोघींची नावं पाहिजेत. दोघींची. यावर मी ऐकून घेणार नाही. पगारातल्या घरभाडे भत्त्यावर, म्हणजे एचआरएवर, टॅक्स वाचवायला पण लागेल, जुन्या टॅक्स रेजीममध्ये असाल तर, पण मुख्य म्हणजे दोघींचा हक्क सारखा राहतो. नोटीस किती, लॉक-इन, म्हणजे अमुक महिने घर सोडायचं नाही अशी अट, आहे का, रंगाचे पैसे कापणार का आणि किती, डिपॉझिट चावी दिल्यावर किती दिवसांत परत, हे कागदावर वाच. मुदत संपली आणि घर सोडलं नाही तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं लागू शकतं, तेव्हा रिन्यूअलची तारीख महिनाभर आधी फोनमध्ये लावून ठेव. सोसायटी भाडेकरूंचे वेगळे तीन हजार घेते असं सांगितलं ना, मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते नॉन ऑक्युपन्सी चार्जेस सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत, २००१ पासूनचा सरकारी आदेश आहे, आणि ते मालकाने द्यायचे असतात. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायची असते, ती दिली का ते विचारून पावती घे.

राहायला गेल्या दिवशी, सामान आत जायच्या आधी, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढ, मीटरचं रीडिंग, गिझर, टाइल्सचे तडे, सगळं, आणि लगेच मालकांना पाठव. लॅच बदलून घे, आधीच्या मुलींकडे चाव्या असतात, मालकांना विचारून पाचसातशे रुपयांचं काम आहे. दहानंतर घरी यायचं नाही असं कोणी म्हटलं तर मला सांग, तू नोकरी करणारी मुलगी आहेस आणि भाडं देऊन राहणार आहेस, त्यांच्याशी मी बोलेन, पण जिन्यात मोठमोठ्याने बोलू नका हेही तुला सांगतेय.

बाबांना मी फोन करते, ते कॉट बेसिसचं, म्हणजे कोणाच्या घरी एक कॉट भाड्याने घेऊन राहायचं, म्हणतायत ते काळजीपोटी. त्यांना आधी करार दाखवू, मग ते ऐकतील.

शनिवारी तुम्ही दोघी बसाल तेव्हा मला कागदाचा फोटो पाठव. आणि मंगळवारी सकाळी पावणेसातला मी वनाज स्टेशनच्या खाली थांबते, तिलाही घेऊन ये, तिघी मिळूनच नळ सोडून बघू.

तुझी,
ताई