मालकाने भाडं नाकारलं, आता वकिलाची नोटीस आली आहे

प्रश्न : नाशिकला रविवार कारंज्याजवळच्या एका जुन्या वाड्यात वडिलांनी १९८१ साली शिवणकामासाठी गाळा भाड्याने घेतला. तेव्हा स्टँपपेपरवर तीन वर्षांचा करार झाला, पुढे नवा कधी केलाच नाही. मी १९९६ पासून वडिलांबरोबर मशीनवर बसत होतो. २००९ मध्ये ते गेले, त्यानंतर पावत्या माझ्या नावाने मिळू लागल्या. भाडं महिना ४२५ रुपये. म्हातारे मालक वारले आणि त्यांच्या मुलांनी भाडं घेणं बंद केलं. मी दोनदा मनीऑर्डर केली, दोन्ही परत आल्या. मग मीही नाद सोडला. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे : कराराची मुदत संपलेली आहे, ३१ महिन्यांचं भाडं दरमहा १,५०० प्रमाणे ४६,५०० रुपये थकलं आहे, दुकान मधे बंद होतं, थोरल्या मुलाला धंद्यासाठी गाळा हवा आहे, १५ दिवसांत खाली करा, नाहीतर आम्ही कुलूप लावू. दुसरीकडे तेच लोक व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणतात, ८,००० रुपयांनी अकरा महिन्यांचा नवा करार करा, नोटीस मागे घेतो. करारनाम्याचा मसुदाही पाठवलाय. नोटीस येऊन तीन आठवडे झाले. धाकटा भाऊ म्हणतो, सही करून टाक, कटकट मिटेल.

उत्तर : मास्तर, आधी ती सही थांबवा. बाकीचं सावकाश बोलू.

अकरा महिन्यांचा तो कागद म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’. त्यात तुम्ही भाडेकरू नसता, मालकाच्या परवानगीने काही काळ बसलेले असता. आज तुमच्याकडे वडिलांपासून चालत आलेला भाडेकरूचा हक्क आहे. नव्या कागदावर सही केलीत की तो हक्क तुम्ही आपण होऊन सोडला, असं समोरचा वकील म्हणणार, आणि पुरावा म्हणून तुमच्याच सहीचा नोंदणीकृत कागद दाखवणार. बारावा महिना लागला की परवानगी संपली. मग १९८१ची कहाणी सांगून फारसा उपयोग नाही. माझ्याकडे अशी माणसं सही करून झाल्यावर येतात आणि विचारतात, ‘आता काही करता येईल का?’ तुम्ही सहीच्या आधी विचारलंत, हे नशीब समजा.

आता मुदतीचं. करार १९८४ला संपला हे खरं. पण करार संपला म्हणून भाडेकरू घुसखोर होत नाही. आधी १९४७चा मुंबई भाडे कायदा होता, ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. या कायद्याखालच्या भाडेकरूला काढायचं तर कायद्यात दिलेलं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं. ‘मुदत संपली’ हे त्यातलं कारण नाही. शिवाय मुदत संपल्यावर म्हाताऱ्या मालकांनी वर्षानुवर्षं भाडं घेतलं, पावत्या दिल्या. वडिलांच्या मागे हक्क कुणाकडे आला, हाही प्रश्न तुमच्या बाबतीत अवघड नाही. धंद्याच्या जागेत मूळ भाडेकरू वारला त्या वेळी कुटुंबातलं जे माणूस त्याच्याबरोबर तिथे धंदा करत होतं, त्याच्याकडे भाडेकरूपण येतं. ते तुम्ही. आणि २००९ नंतरच्या पावत्यांवर नावही तुमचंच.

इथपर्यंत सगळं तुमच्या बाजूचं. आता तुमची चूक.

‘मालक भाडं घेत नाही, मग मी तरी काय करू?’ हे वाक्य मी वकिलीत इतक्या वेळा ऐकलंय की समोरचा बोलायला लागला की पुढचं मीच पुरं करतो. मालकाने नाकारलं तरी भाडं माफ होत नाही, ते साचत जातं. कायद्याचं संरक्षण भाडं देणाऱ्याला किंवा द्यायला तयार असणाऱ्याला आहे. तुमची तयारी दिसते दोनच मनीऑर्डरींमधून. उरलेल्या २९ महिन्यांत तुम्ही तयार होतात, हे कोर्टाला कशावरून कळायचं? परत आलेल्या त्या मनीऑर्डरींचे कागद, पोस्टमनच्या ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासकट, जपून ठेवा. पण तेवढ्यावर निभावणार नाही.

सुदैवाने कायद्याने दोन संधी ठेवल्या आहेत. कलम १५ प्रमाणे, थकबाकीची लेखी नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय मालकाला त्या कारणाने ताब्याचा दावाच लावता येत नाही. म्हणजे नोटिशीतले १५ दिवस सोडून द्या, तुमच्याकडे ९० आहेत, त्यातले तीन आठवडे गेले. मात्र १५ लिहिले म्हणून नोटीसच बाद झाली असं समजून निवांत बसू नका. भाड्याची मागणी झाली ती झालीच. दुसरी संधी दावा लागल्यावर : समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत सगळी थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह कोर्टात भरायची, निकाल लागेपर्यंत भाडं नियमित भरत राहायचं आणि कोर्ट सांगेल तो खर्च द्यायचा. मग थकबाकीच्या कारणावर ताबा जात नाही. पण ‘नियमित’ म्हणजे नियमितच. दिवाळीचे कपडे शिवायच्या गडबडीत दोन महिने राहून गेले, ही सबब तिथे चालत नाही.

दुसऱ्या संधीची वाट बघू नका, पहिलीच साधा. ४२५ गुणिले ३१, म्हणजे १३,१७५ रुपये. हे तर बिनवादाचे. १,५०० हा आकडा कुठून आला ते त्यांना लेखी विचारा. कलम ११ प्रमाणे मालकाला दरसाल ४ टक्के वाढ मागता येते, म्हणून तसा हिशोब मागा. पण मनाला येईल तो दर लावायची मुभा त्यांना नाही. तुमच्या वकिलाने ४ टक्क्यांचा हिशोब काढला आणि फरक परवडण्यासारखा निघाला, तर तोही ‘हक्क राखून’ असं लिहून देऊन टाका. गाळा राखायचाय, तिथे चारपाच हजारांवरून ताणू नये. रोख अजिबात नको. चेक किंवा डिमांड ड्राफ्ट, सोबत नोटिशीला वकिलामार्फत उत्तर, सगळं पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने. मालक एकटे नाहीत, वारस जितके तितक्यांना पत्राची प्रत पाठवा, नाहीतर उद्या एक भाऊ म्हणेल, मला काही मिळालंच नाही. चेक परत आला तर पाकीट न फोडता तसंच ठेवा. आणि पुढच्या महिन्यापासून दर महिन्याला हेच, घेवोत न घेवोत.

दुकान बंद होतं म्हणे. सबळ कारणाशिवाय जागा वापरात नसेल तर ते ताब्याचं कारण आहे, पण दावा दाखल होण्याच्या लगेच आधीचे सलग सहा महिने मोजतात. आईच्या आजारपणात दोन वर्षांपूर्वी चार महिने शटर खाली होतं असं तुम्ही कळवलंय, ते यात बसत नाही. तरी महावितरणची बिलं काढून ठेवा. मशीन आणि इस्त्री चालते त्या दुकानाचे युनिट बोलतात. तारेला अडकवलेल्या जुन्या भाडेपावत्याही खाली काढा, वर्षवार लावा आणि झेरॉक्स काढा. त्यांची शाई उडायला लागलेली असणार.

कुलपाच्या धमकीने घाबरू नका, पण हसण्यावारीही नेऊ नका. कोर्टाचा हुकूम नसताना मालकाला स्वतःच्याच जागेतून तुम्हाला बाहेर काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच हे स्पष्ट केलंय, आणि तेही ताबेदाराला तिथे राहायचा हक्क नाही असं धरून चाललं तरी. नोटिशीतली ती ओळ हाताशी आहेच, तेव्हा दिवाणी न्यायालयात मनाईचा अर्ज आत्ताच तयार करून ठेवा. वीज किंवा पाणी तोडलं तर भाडे कायद्याच्या कलम २९खाली कोर्टात दाद मागता येते. आणि एवढं करूनही कुणी बाहेर काढलंच, तर ‘स्पेसिफिक रिलीफ’ कायद्याच्या कलम ६खाली ताबा परत मिळवण्याचा दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. पोलीस ठाण्यात बहुतेक ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असंच ऐकायला मिळेल. तरी अर्ज द्या आणि पोच घ्या.

राहिला थोरल्या मुलाच्या धंद्याचा मुद्दा. नोटिशीतली ही एकच गोष्ट मला वजनदार वाटते. मालकाची गरज खरी आणि रास्त असेल तर ताबा मिळू शकतो. तिथे कोर्ट दोन्हीकडची अडचण तोलतं : गाळा नाही मिळाला तर त्यांचं काय अडतं आणि गेला तर तुमचं काय होतं, तुम्हाला दुसरी जागा आहे का, त्यांचे आणखी गाळे रिकामे आहेत का. वाड्यात किती गाळे आहेत, कोणते कधी रिकामे झाले आणि कुणाला दिले, हे आठवेल तसं लिहून काढा.

आणि भावाला सांगा, तो मसुदा फाडायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोपही पुसायचे नाहीत. मुलाला गाळा हवाच आहे असं नोटिशीत लिहिणाऱ्यांनी तोच गाळा आठ हजारांनी तुम्हालाच द्यायची तयारी दाखवलीय. उलटतपासात पहिला प्रश्न तिथूनच निघेल.