‘ऑफिस अवर्स’मध्ये जायचं असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं

“बारावीला इंग्रजीत नव्वदच्या वर होते हो त्याला, मॅडम. आणि तिथं जाऊन नेमका इंग्रजीतच अडकलाय.”

सांगलीहून एका आईचा फोन होता. मुलगा अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला. गणित आणि प्रोग्रॅमिंग उत्तम चाललेलं. ‘कॉम्पोझिशन’ नावाच्या सक्तीच्या लेखनविषयात मात्र पहिल्या निबंधाला सी मायनस आणि दुसऱ्याला डी. पंधरा दिवस तो त्या तासाला गेलाच नव्हता. “कॉलेजनं आम्हाला एका शब्दानं कळवलं नाही. हुशार मुलगा आहे, मग असं का होतंय?”

मुलं बाहेर शिकायला गेली की हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या आवाजांत येतो, म्हणून ही हकिगत त्या मुलाच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं लिहिते आहे.

कॉलेजनं का कळवलं नाही, हे आधी सांगते. अमेरिकेत १९७४ सालच्या एका कायद्यानुसार, मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा होतो. त्याच्या संमतीवाचून प्राध्यापक सहसा पालकांना गुण सांगत नाहीत. फी तुम्ही भरत असलात तरीही. आपल्याकडे पालकसभेची सवय, त्यामुळे हे तुटकपणाचं वाटतं. पण तिथं मदतीची सगळी दारं मुलाच्या बाजूनं उघडतात. घरून ढकलून उपयोग नसतो.

समुपदेशनाच्या आमच्या भेटी व्हिडिओवर व्हायच्या. माझी सकाळ साडेसातची, त्याची आदली रात्र नऊची. पहिल्या दोन भेटींत माझी दिशा चुकली, हे कबूल करते. त्याची झोप उडाली होती, लॅपटॉप उघडला की छातीत धडधडायचं. मी ती धडधड कमी करण्याच्या मागे लागले. श्वासाचे व्यायाम दिले, विचारांच्या नोंदी करायला सांगितल्या. थोडा आराम पडला, पण तासाला तो गेला नाहीच. तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, “तुझ्या बाईंनी पहिल्या दिवशी जो कागद दिला असेल, तो मला मोठ्यानं वाचून दाखव.”

तो सिलॅबस. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी, म्हणून त्यानं तो एकदा वर-खाली बघून ठेवून दिला होता. तिथं तो जवळजवळ करारच असतो: गैरहजेरी किती चालते, उशिरा दिलं तर किती गुण जातात, दुसऱ्याचा मजकूर नाव न देता घेतला किंवा यंत्राकडून लिहून घेतलं तर काय होतं, सगळं त्यात. वाचता वाचता तो थांबला. प्रत्येक निबंधाच्या कच्च्या खर्ड्याला वेगळे गुण होते. वर्गातल्या सोबत्याच्या खर्ड्यावर लेखी अभिप्राय द्यायचे, त्यालाही गुण होते. यानं एकही खर्डा दिला नव्हता.

“रफ काम बाईंना कशाला दाखवायचं, मॅडम? ते तर रफ वहीत असतं ना?”

पुढच्या पानावर लिहिलं होतं: ऑफिस अवर्स, मंगळवार-गुरुवार, दोन ते चार. मी विचारलं, गेलास का कधी? तो म्हणाला, “त्या वेळात त्या ऑफिसची कामं करत असतील. मध्येच कसं जायचं?”

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. आठवड्यातले चार तास एक शिक्षिका दार उघडं ठेवून विद्यार्थ्यांची वाट बघत बसते आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तो पोरगा तिला त्रास नको म्हणून खोलीत कुढत बसतो. आपण मुलांना ‘सरांना उगाच प्रश्न विचारू नकोस’ असं वळण लावतो, त्याची ही किंमत आहे. आणि हे मी सांगलीच्या त्या आईलाही स्पष्ट सांगितलं.

मग निबंध पाहिला. विषय: सोशल मीडिया, शाप की वरदान. आधी फायदे, मग तोटे, शेवटी ‘अति तेथे माती’चं इंग्रजी रूप. शाळेत याला पैकीच्या पैकी मिळाले असते. बाईंनी समासात दोनदा लिहिलं होतं, ‘सो व्हॉट?’ आणि खाली, ‘यात तू कुठे आहेस?’

‘सो व्हॉट’ हा त्यानं अपमान समजला होता. मराठीत कुणी तोंडावर ‘मग काय?’ म्हटलं तर लागेलच. पण त्या वर्गांत हा नेहमीचा प्रश्न आहे: हे वाचणाऱ्यानं का मनावर घ्यावं, तुझं स्वतःचं म्हणणं काय? आपला शालेय निबंध दोन्ही बाजू सांभाळायला शिकवतो. तिथला निबंध एक बाजू घेऊन ती पुराव्यानं लढवायला सांगतो. हा फरक बुद्धीचा नाही, आणि तो मुलाला आपोआप कळत नाही, कुणीतरी सांगावाच लागतो.

हा मुलगा मात्र रात्र रात्र ‘अ’ आणि ‘द’ ही इंग्रजी उपपदं तपासत बसला होता. मराठीत उपपदं नाहीतच, तर ती चुकणारच. १९७० मध्ये न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठानं शहरातल्या बारावी झालेल्या सर्वांना प्रवेश खुला केला, तेव्हा मिना शॉनेसी नावाच्या शिक्षिकेनं अशा हजारो विद्यार्थ्यांचे निबंध बारकाईनं वाचले. चुकांमागे आळस किंवा मठ्ठपणा नसतो, लिहिणाऱ्याचं काहीएक तर्कशास्त्र असतं, हे तिनं १९७७ सालच्या पुस्तकात दाखवून दिलं. मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसला.

त्याला विषयच सोडायचा होता. तिथं मी त्याला थांबवलं. एफ-वन या विद्यार्थी-व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला साधारणपणे सत्रात किमान १२ क्रेडिट, म्हणजे विषयांचं वजन मोजायची एककं, ठेवावी लागतात. त्याचे होते १३, आणि हा विषय ३ क्रेडिटचा. परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची आधी मंजुरी न घेता विषय सोडला तर व्हिसाच अडचणीत येतो. असा निर्णय रात्री दोन वाजता एकट्यानं वेबसाइटवर बटण दाबून घ्यायचा नाही, एवढं पालकांनी मुलांना जाण्याआधीच सांगून ठेवावं.

मंगळवारी तो गेला. आम्ही तीन वाक्यं आधी म्हणून पाहिली होती: मी तास बुडवले, मला खर्ड्याचं महत्त्व कळलं नव्हतं, आता यातून काय वाचवता येईल? बाईंनी गेलेले गुण परत दिले नाहीत. दुसरा निबंध सुधारून द्यायची मुभा दिली आणि विद्यापीठाच्या रायटिंग सेंटरची, म्हणजे लेखनात मदत करणाऱ्या केंद्राची, वेळ घ्यायला सांगितलं. तिथून तो थोडा खट्टू होऊनच आला, कारण तिथल्या मुलीनं एकही चूक दुरुस्त करून दिली नाही. ती नुसते प्रश्न विचारत राहिली. तेच तिचं काम होतं. तिसऱ्यांदा गेल्यावर ते प्रश्न तो स्वतःच स्वतःला विचारायला लागला.

“तुला असं काय माहीत आहे, जे त्या वर्गात कुणालाच माहीत नाही?” हा मात्र माझा प्रश्न होता.

बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, “पेवं.”

सांगलीजवळच्या हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमापाशी, हळद साठवायची जमिनीखालची कोठारं आहेत, त्यांना पेव म्हणतात. त्याचे आजोबा हळदीच्या व्यापारात होते. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली. तिसरा निबंध त्यानं त्यावर लिहिला: ही साठवण का टिकायला हवी होती. आजोबांशी फोनवर झालेलं बोलणं संदर्भ म्हणून देता येतं का, हे विचारायला तो आपणहून ऑफिस अवर्समध्ये गेला. देता येतं, मुलाखत म्हणून. आजोबांचं नाव निबंधाखालच्या संदर्भयादीत छापून आलं.

खर्ड्यावर वर्गातल्या एका मुलानं अभिप्राय लिहिला होता: ‘बंद खड्ड्यात हवा नसेल, तर आत उतरणं सुरक्षित आहे हे कसं कळायचं?’ यानं रात्री सांगलीला फोन लावला. आजोबा म्हणाले, “आधी कंदील सोडायचा रे खाली. तो जळत राहिला तरच माणूस उतरवायचा.”

ते वाक्य त्यानं दुसऱ्या परिच्छेदात घातलं. आईनं नंतर मला विचारलं, या निबंधाला काय मिळालं? मी म्हटलं, ते त्यालाच विचारा, तो सांगेल.