वाचकांचे प्रश्न : निरोपाची पत्रिका, प्रमाणपत्रे आणि पदवीचे झगे

प्रश्न : मार्चअखेरीस सीनियर केजीच्या ६४ मुलांचा 'ग्रॅज्युएशन डे' आहे. गेल्या वर्षी प्रमाणपत्रांवरच्या सह्या पुसल्या गेल्या, शिक्के पसरले आणि सात-आठ नावे चुकली. यंदा छपाईला देताना काय सांगावे? – मुख्याध्यापिका, सेलू

उत्तर : सह्या पुसल्या गेल्या त्या कागदामुळे. चकचकीत आर्ट कार्डवर शाई मुरत नाही, वरच राहते. रबरी शिक्क्याची तर तासभरानेही बोटाला लागते. छापणाऱ्याला 'विना-चकाकी, २५० ते ३०० जीएसएम' (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाची जाडी) एवढे स्पष्ट सांगा. खरखरीत टेक्स्चर कागद दिसायला भारदस्त, पण डिजिटल मशीनची पावडर (टोनर) त्याच्या खळग्यांत बसत नाही आणि बारीक अक्षरे तुटतात. टेक्स्चर हवाच असेल तर अगदी हलका घ्या. एका बाजूने लॅमिनेशन करू नका. पावसाळ्यात मोकळी बाजू दमट होऊन फुगते आणि प्रमाणपत्र पापडासारखे वळते.

संख्येचे गणित सोपे आहे. १२ बाय १८ इंची एका शीटवर दोन ए-फोर प्रमाणपत्रे बसतात. ६४ नावांची आणि सहा कोरी धरली तर ७० प्रती, म्हणजे ३५ शीट. भाव प्रतीचा नको, कापणीसह शीटचा विचारा. एवढ्या कामाला ऑफसेट (प्लेटवरून होणारी छपाई) परवडत नाही, कारण चार रंगांच्या चार प्लेटांचा खर्च ७० प्रतींवरच पडतो. पाचशेच्या पुढे मात्र किनार आणि बोधचिन्ह ऑफसेटवर छापून नावे नंतर घालणे स्वस्त. त्यातही एक मेख आहे. ऑफिसातल्या बहुतेक लेझर प्रिंटरला ३०० जीएसएम कागद ओढता येत नाही. तेव्हा कोरे नमुने पातळ कार्डवर घ्या आणि शाई पुरती वाळल्याशिवाय प्रिंटरमध्ये घालू नका. आतल्या उष्णतेने ओली शाई रोलरला चिकटते.

आता नावे. यादी वर्गशिक्षिकेच्या हजेरीवरून नको, जनरल रजिस्टरवरून (शाळेच्या प्रवेश नोंदवहीवरून) करा. हजेरीत 'सोनू' असतो, रजिस्टरात 'स्वप्नील'. आपण एक्सेलमध्ये युनिकोडमध्ये टाइप करतो आणि बरेच डीटीपीवाले अजून श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर काम करतात. फॉन्ट बदलताना 'कुऱ्हाडे'मधला ऱ्ह तुटतो, 'सूर्यवंशी'तला रफार सरकतो, 'ऋतुजा' आणि 'ज्ञानेश्वरी'त भलतीच चिन्हे उमटतात. प्रूफ म्हणून पहिली पाच प्रमाणपत्रे मागू नका. यादीतले सर्वांत लांब नाव आणि असली अडचणीची नावे निवडून त्यांचीच प्रूफे मागा. लांब नाव एका ओळीत बसले की बाकीची बसतातच. शेवटी छापायच्या फाइलमधल्या सगळ्या ६४ नावांचा कागद काढून वर्गशिक्षिकांची सही घ्या. पालकांना त्या कागदाचा फोटो पाठवला तर आणखी बरे, दुरुस्त्या घरूनच येतात.

प्रत्येक प्रतीवर अनुक्रमांक आणि खाली शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) असावा. उरलेल्या कोऱ्या प्रतींवर आधीच सही करून ठेवू नका, त्या कपाटात कुलपात राहू द्या.

प्रश्न : आम्ही संगणक प्रशिक्षण वर्ग चालवतो. विद्यार्थ्यांना 'पदविका' आणि 'पदवी' अशी प्रमाणपत्रे छापून देता येतील का? वर तीन सिंहांची मुद्रा टाकावी असे डिझाइनर म्हणतो. – संचालक, उदगीर

उत्तर : मुद्रा टाकू नका. भारताच्या राजमुद्रेच्या अनुचित वापरास मनाई करणारा २००५ चा कायदा आहे. खासगी वर्गाला ती वापरता येत नाही. डिझाइनरने ती इंटरनेटवरून उचललेली असते, पण छापलेल्या कागदावर नाव तुमचे असते.

पदवीचेही तसेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याचे कलम २२ पाहा. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तसा अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. नावात 'विद्यापीठ' किंवा 'युनिव्हर्सिटी' लावण्यालाही कलम २३ आडवे येते. तुम्ही 'अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र' द्या आणि त्यावर अभ्यासक्रमाचे नाव, तास, सुरुवातीची व शेवटची तारीख लिहा. नोकरीच्या मुलाखतीत हे चार तपशीलच विचारले जातात. 'पदविका' हा शब्दही टाळलेला बरा, मुलांना ती सरकारमान्य वाटते आणि पुढे भरतीच्या अर्जात फसगत होते.

प्रश्न : महाविद्यालयात पदवी प्रमाणपत्र वितरण आहे. सुमारे ३०० झगे विकत घ्यावेत की भाड्याने? – प्राध्यापक, अंबाजोगाई

उत्तर : वर्षातून एकच समारंभ असेल तर भाड्याने. विकत घेतले की धुणे, इस्त्री आणि उंदीर हे तिन्ही आपल्या गळ्यात. सगळे विद्यार्थी एकदम मंचावर येत नाहीत; तुकड्या पाडल्या तर शंभर-सव्वाशे झग्यांवर भागते. मात्र तुकडीचा गट फोटो वितरण संपताच काढून घ्या, नंतर झगे पुढच्यांच्या अंगावर असतात.

कापड हातात धरून पाहा. सॅटिन पॉलिस्टर फोटोत चमकते, पण एप्रिलात मंडपात माणूस घामाने निथळतो. झग्याची लांबी खांद्यापासून पोटरीच्या मध्यापर्यंत असावी, त्याखाली गेला की मंचाच्या पायरीवर पाय अडकतो. चौकोनी टोपी मागून इलॅस्टिकची घ्या आणि वेण्या-अंबाडे असणाऱ्या मुलींसाठी पिनांची पाकिटे जवळ ठेवा. परत देताना सर्वांत जास्त हरवतात ते गोंडे. अनामत त्यांच्यापायीच कापली जाते, म्हणून घेताना टोपी आणि गोंडा वेगवेगळे मोजून पावतीवर लिहून घ्या.

झग्याऐवजी पांढरा पोशाख आणि खांद्यावर खादीचे किंवा हिमरू काठाचे उपरणे, हा पर्याय आमच्या मते अधिक शोभतो. उपरणे घरी नेता येते, इस्त्रीचा प्रश्नच नाही. विद्यापीठाचे बोधचिन्ह मात्र परवानगीशिवाय त्यावर विणून किंवा छापून घेऊ नका.

प्रश्न : मुलाची पदवी लॅमिनेट करून घ्यावी का? – पालक, भोकरदन

उत्तर : नको. पुढे परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मूळ कागदावर साक्षांकनाचा शिक्का मारावा लागला तर प्लास्टिकवर तो बसत नाही, आणि गरम लॅमिनेशन सोलले की छपाईही निघून येते. पॉलिप्रॉपिलिनच्या पारदर्शक पाकिटात सपाट ठेवा. पीव्हीसीच्या पाकिटाला पावडरची अक्षरे चिकटतात. गुंडाळी करू नका. डिजिलॉकरमध्ये पदवी आली आहे का, तेही पाहून ठेवा.

प्रश्न : फेब्रुवारीत दहावीचा निरोप समारंभ आहे. पत्रिका कधी छापायला द्याव्यात? – शिक्षक, पैठण

उत्तर : तुळशीच्या लग्नापासून छापखान्यांत लग्नपत्रिकांची रांग लागते, त्यामुळे डिसेंबरातच तारीख ठरवून घ्या. आधी लिफाफा विकत घ्या, मग त्याच्या मापाची पत्रिका करा. ५ बाय ७ इंची लिफाफ्यात पाव इंच लहान पत्रिका सहज सरकते. सोनेरी स्क्रीन प्रिंटिंग करणार असाल तर रात्रभर वाळल्यावरच पत्रिका एकावर एक रचू द्या, नाहीतर सोनेरी छाप वरच्या पत्रिकेच्या पाठीवर उमटते. प्रमुख पाहुण्यांचा होकार लेखी आल्याशिवाय छपाई नको. आणि मागच्या वर्षीची जुनी फाइल उघडून काम होणार असेल, तर पत्त्यात जिल्ह्याचे जुने नाव 'औरंगाबाद' राहिलेले नाही ना, हे प्रुफात आधी पाहा.